पहिल्या वर्षाची खोली : वीर नर्मद दक्षिण गुजरात विद्यापीठाच्या कुलगुरूंना अनावृत पत्र

माननीय कुलगुरू महोदय यांस,


उधना-मगदल्ला रस्त्यावरील आपल्या विद्यापीठाच्या आवारातून निघालेल्या रिक्षाला बमरोलीच्या कारखान्यांपाशी पोहोचण्यास फारसा अवधी लागत नाही. परंतु याच बमरोलीतून सकाळी वही घेऊन निघालेला आणि पदवीच्या पहिल्या वर्षात नुकताच दाखल झालेला मुलगा जेव्हा आपल्या अधिकारातील एखाद्या महाविद्यालयाच्या वर्गात जाऊन बसतो, तेव्हा त्याने कापलेले अंतर रिक्षाच्या मीटरावर उमटत नाही, हे या वस्तीत राहून आणि येथील मुलांना मराठी माध्यमाच्या शाळेत शिकवून मी आयुष्यभर पाहत आलो आहे. हे पत्र वसतिगृहाविषयी आहे. ज्याचे घर दूर आहे त्याच्याविषयी ते आहेच. पण ज्याचे घर अगदी जवळ असून त्या घरात त्याला वाचायला आणि निजायला जागा नाही, त्याच्याविषयी ते काकणभर अधिक आहे. या दुसऱ्या विद्यार्थ्याची गणना आपल्याकडे कोणत्याच सदरात होत नाही, म्हणून त्याची बाजू जाहीरपणे मांडावी असे वाटले.

आमची ही वस्ती कशी झाली हे प्रथम सांगितले पाहिजे. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर तापीच्या खोऱ्यातून सुरतेपासून अमळनेरकडे आगगाडी सुरू झाली, आणि त्या लोहमार्गाने खानदेश व सुरत यांचे जे नाते जुळले ते आजतागायत तुटलेले नाही. या मार्गावर नवापूरचे स्थानक असे आहे की त्याचा अर्धा फलाट महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत येतो; गाडीतून उतरणाऱ्या माणसाला आपण कोणत्या राज्यात पाऊल टाकले याचा विचारही करावा लागत नाही. ज्या वर्षी पाऊस हुलकावणी देई, त्या वर्षी नंदुरबार, दोंडाईचा, शिंदखेडा, अमळनेर, धरणगाव या बाजूची माणसे भुसावळ-सुरत पॅसेंजरने उधन्याला उतरत आणि कोणा भावकीतल्याच्या खोलीवर मुक्काम करून पांडेसऱ्याच्या रंगाई-छपाईच्या गिरण्यांत किंवा यंत्रमागाच्या खात्यात कामाला लागत. उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा आणि बमरोली येथे आज ऐकू येणारी अहिराणी या स्थलांतराची देणगी आहे. आमच्या शेजारच्या गल्लीत ओडिशाच्या गंजाम जिल्ह्यातील कामगार आहेत, पलीकडे उत्तर प्रदेश व बिहारची कुटुंबे आहेत, आणि महानगरपालिकेच्या शिक्षण समितीला गुजराती, हिंदी, मराठी, उर्दू, ओडिया, तेलुगू आणि इंग्रजी अशा सात माध्यमांच्या शाळा चालवाव्या लागतात, यावरून या शहराच्या श्रमाची रचना कशी आहे हे कोणाच्याही ध्यानात यावे.

यंत्रमाग बारा-बारा तासांच्या दोन पाळ्यांत चालतो. ज्या घरातील कर्ता पुरुष रात्रपाळीला जातो, त्या घराचा दिवस आणि रात्र ही इतरांच्या दिवस-रात्रीसारखी राहत नाहीत. तो सकाळी येतो, अंघोळ करून भाकरी खातो आणि त्या एकाच खोलीत, खिडकीवर चादर ओढून, दुपार उलटेपर्यंत झोपतो. ती झोप त्याच्या उपजीविकेचा भाग असल्यामुळे घरातील सर्वांनी पाय न वाजवता वावरावे, मोठ्याने बोलू नये, दिवा लावू नये, हा त्या घरातील अलिखित कायदा असतो. संध्याकाळी तो कामावर गेला की धाकटी भावंडे शाळेतून येतात, शेजारणी येतात, स्वयंपाक होतो, दूरचित्रवाणी लागते. आणि दहाच्या पुढे आईला पहाटेच्या पाण्यासाठी उठायचे असते म्हणून दिवा मालवावा लागतो. अशा घरातील महाविद्यालयीन मुलाला चोवीस तासांपैकी नेमके कोणते दोन तास वाचनासाठी मिळतात, याचा हिशेब मी पुष्कळदा मांडून पाहिला आणि तो कधीच जुळला नाही. मग तो मुलगा मंदिराच्या ओट्यावर जातो, गच्चीवरच्या टाकीच्या आडोशाला बसतो, नाहीतर रस्त्याच्या दिव्याखाली उभ्याने पुस्तक वाचतो. ओडिया बांधवांच्या सामायिक निवासाच्या मेसमध्ये दोन पाळ्यांचे दोन कामगार एकच अंथरूण आळीपाळीने वापरतात, अशी येथील परिस्थिती आहे; तेथे एखाद्याने शिकायचे म्हटले तर त्याला ओटाही लाभत नाही.

शालेय वयात हे सारे कसेबसे निभावते, कारण शाळा मुलाला धरून ठेवते. तो दोन दिवस आला नाही तर वर्गशिक्षक त्याच्या घरी निरोप धाडतात, मधल्या सुट्टीत त्याच्या मित्राला विचारतात, आणि परीक्षेआधी शाळेच्याच वर्गात रात्रीची अभ्यासिका भरवणारे गुरुजी आमच्या पिढीत होते व आजही आहेत. पदवीच्या पहिल्या वर्षी ही सर्व बंधने एकाच दिवशी गळून पडतात. वर्गात शंभराहून अधिक मुले असतात, प्राध्यापकांना नावे ठाऊक होण्यापूर्वीच सत्र संपत येते, मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला व्याख्यान गुजरातीत किंवा इंग्रजीत ऐकावे लागते, आणि पावसाळ्यात प्रवेश घेतल्यापासून दिवाळीच्या आगेमागे पहिली सत्रपरीक्षा येऊन ठेपते. त्या चार-पाच महिन्यांत जो मागे पडला तो राहिलेले विषय एटीकेटीने पुढे ओढत दुसऱ्या सत्रात जातो आणि वर्षअखेरीस त्याला खात्यात जाण्याविषयी घरातून कोणी सांगण्याची गरजही उरत नाही. माझ्या हाताखालून गेलेल्या ज्या मुलांनी पदवी अर्धवट सोडली, त्यांच्यापैकी बहुतेकांनी ती पहिल्याच वर्षी सोडली. तिसऱ्या वर्षापर्यंत जो टिकला तो सहसा पूर्ण करूनच बाहेर पडला. याच कारणासाठी मी आपल्याकडे संपूर्ण पदवीकाळाचा नव्हे, तर पहिल्या वर्षाचाच प्रश्न घेऊन आलो आहे.

वसतिगृहप्रवेशाची आपल्या देशातील सर्वसाधारण रीत अशी आहे की अर्जदाराचे कायम वास्तव्य शिक्षणसंस्थेपासून किती दूर आहे हे पाहावे आणि जो त्याच शहराचा रहिवासी असेल त्याचा अर्ज बाजूला ठेवावा. ही रीत ज्या काळी पडली, त्या काळी शहरात घर असणे म्हणजे निदान एखादी माडी, एखादा सोपा, एखादी कोपऱ्यातली खोली असणे, असा अर्थ होता आणि त्या अर्थाने ती न्याय्य होती. ज्या शहरातील लाखो माणसे दहा फूट रुंद व बारा फूट लांब अशा खोलीत सहकुटुंब राहतात, त्या शहरात ती न्याय्य राहत नाही. डांगच्या अरण्यातील आश्रमशाळेतून आलेल्या मुलीला खोली मिळावी हे निःसंशय योग्य. पण बमरोलीच्या मुलीला ती केवळ घर जवळ आहे म्हणून नाकारली जावी, याला अंतर मोजण्यापलीकडे काही आधार दिसत नाही.

आमच्या महाराष्ट्राला या दुःखाची ओळख एका फार मोठ्या उदाहरणातून झालेली आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलात शिकत होते तेव्हा त्यांचे कुटुंब परळच्या चाळीत एका खोलीत राहत होते; त्याच खोलीत चूल, सरपण, जाते आणि माणसे. वडील रामजी सुभेदार त्यांना संध्याकाळी लवकर निजवीत आणि रात्री दोनच्या सुमारास, सारे घर झोपलेले असता, जागे करून मिणमिणत्या दिव्याजवळ अभ्यासाला बसवीत. 1907 साली ते मॅट्रिक झाले. पुढे बीआयटी चाळीत समोरासमोरच्या दोन खोल्या मिळाल्यावर त्यांपैकी एक अभ्यासासाठी राखता आली. त्यांचे घर शाळेपासून दूर नव्हते; शहरातच होते. हा प्रसंग आपण मुलांना चिकाटीचा पाठ म्हणून सांगत आलो, आणि त्यात चूक नाही. पण रात्री दोनला उठवणारा बाप प्रत्येकाला नसतो, आणि बमरोलीत तर तो त्या वेळी यंत्रमागासमोर उभा असतो, ही गोष्ट त्या पाठात राहून जाते.

बाबासाहेबांनी परदेशातून उच्चविद्याविभूषित होऊन परतल्यावर 1917 मध्ये बडोदे संस्थानात नोकरी धरली, तेव्हा त्या नगरात त्यांना राहावयास जागा मिळेना; एका पारशी विश्रामगृहात त्यांनी जो आसरा घेतला होता, तेथूनही काठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. या दोन अनुभवांच्या पार्श्वभूमीवर पुढील गोष्ट पाहण्याजोगी आहे. 1924 च्या जुलैत त्यांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली आणि तिच्या अगदी प्रारंभीच्या कार्यांत, 1925 च्या जानेवारीत, सोलापूरला विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह उघडले. शाळा त्या काळीही होत्या. शाळेत जाणाऱ्या मुलाला रात्री पाठ टेकण्याला आणि दिव्याखाली बसायला जागा नव्हती, म्हणून वसतिगृह आधी.

कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींनीही हेच ओळखले होते. 1901 मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंगपासून त्यांनी जो आरंभ केला, त्यातून 1922 साली त्यांचे निधन होईपर्यंत कोल्हापुरात वीसहून अधिक वसतिगृहे उभी राहिली आणि त्या शहराला विद्यार्थी वसतिगृहांची जननी असे नाव पडले. त्यांत मराठ्यांचे, जैनांचे, लिंगायतांचे, मुसलमानांचे, दैवज्ञांचे, शिंप्यांचे आणि अस्पृश्य मानलेल्या समाजाचे मिस क्लार्क बोर्डिंग, अशी ती निरनिराळी होती. त्या काळच्या समाजात याहून वेगळे काही करता येणे दुर्घट होते, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु याच कोल्हापुरात जैन बोर्डिंगात राहणाऱ्या भाऊराव पाटील नावाच्या मुलाला, तो मिस क्लार्क बोर्डिंगच्या समारंभाला गेला आणि परत आल्यावर शुद्धीसाठी अंघोळ करण्यास त्याने नकार दिला म्हणून, बोर्डिंगातून काढून टाकण्यात आले. पुढे कर्मवीर या पदवीने ओळखल्या गेलेल्या या मुलाने 1919 मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि 1924 मध्ये साताऱ्यास असे वसतिगृह काढले की जेथे सर्व जातींची मुले एका पंक्तीला जेवत, स्वतः दळण-कांडण करीत आणि शेतात राबून आपला खर्च भागवीत. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी त्या मुलांच्या पोटासाठी अंगावरचे दागिने विकले. 1927 मध्ये गांधीजींच्या हस्ते त्या वसतिगृहाला छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस असे नाव देण्यात आले. एका वसतिगृहातून झालेल्या हकालपट्टीतून दुसऱ्या प्रकारचे वसतिगृह जन्माला आले.

सुरतेलाही अशा परंपरेची वाण नाही, याची आठवण आपणांस करून देण्याचे धाडस मी एक परप्रांतीय म्हणून नव्हे तर या शहराचा नागरिक म्हणून करतो. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या वर्षांत कुंवरजी व कल्याणजी मेहता यांनी येथे पाटीदार आश्रम काढला आणि दयाळजी देसाई यांनी अनाविल आश्रम चालवला. खेड्यातून सुरतेस शिकायला आलेल्या आपापल्या जातीच्या मुलांची राहण्या-जेवण्याची सोय करणे हा दोहोंचा मूळ उद्देश होता. परंतु एकत्र राहण्यातून त्या मुलांच्या मनात जो विचार वाढला तो जातीच्या कुंपणात मावला नाही, आणि 1928 च्या बारडोली सत्याग्रहाला मिळालेल्या कार्यकर्त्यांचे धागे या आश्रमांपर्यंत जाऊन पोहोचतात. आज आपल्या हाती जी वसतिगृहे आहेत ती सार्वजनिक निधीची आहेत. तेथे कोणाला कोणाच्या खोलीत घालावे हे ठरविण्याचा अधिकार आपला आहे. माझी विनंती अशी की पहिल्या वर्षी एका खोलीत एका भाषेची, एका जिल्ह्याची, एका जातीची मुले सोयीसाठी एकत्र घालू नयेत. नंदुरबारचा भिल्ल मुलगा, सौराष्ट्राचा पटेल, बमरोलीचा खानदेशी आणि गंजामहून आलेल्या कामगाराचा पुत्र हे चौघे एका खोलीत एक वर्ष राहिले, तर आरंभी त्यांच्यात खटके उडतील, कोणाला कोणाच्या तेलाचा वास सहन होणार नाही, कोणाची प्रार्थना कोणाच्या झोपेच्या आड येईल. परंतु मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला गुजराती जितकी त्या खोलीत येईल तितकी ती कोणत्याही पूरक वर्गात यावयाची नाही.

आता जो विद्यार्थी खरोखरच बाहेरगावचा आहे त्याच्याविषयी. तापी जिल्ह्यातून, डांगमधून, नवापूर-नंदुरबारच्या पट्ट्यातून दरवर्षी पुष्कळ मुले सुरतेस येतात, आणि ज्यांना सरकारी वसतिगृहांत वा शासनाच्याच समरस छात्रालयात जागा मिळत नाही ती आमच्यासारख्या वस्त्यांत भाड्याने खोल्या घेतात, कारण भाडे परवडेल अशी जागा तेथेच असते. खोली दाखवण्यापूर्वी आडनाव विचारणारे घरमालक आहेत, अनामत घेऊन पावती न देणारे आहेत, आणि मुलाला ताप आला तर स्वतः दवाखान्यात नेणारे, भाड्याचा तगादा न लावणारे, सणाला ताट पाठवणारेही आहेत. दोन्ही मी जवळून पाहिले आहेत. मुलाचे पहिले वर्ष कोणाच्या वाट्याला येते हा सर्वस्वी योगायोगाचा भाग आहे, आणि विद्यापीठाला त्याचा पत्ताही नसतो. केंद्र शासनाने 2024 पासून संस्थेबाहेरील निवासालाही, दरमहा दरडोई वीस हजार रुपयांपर्यंतचे भाडे आणि सलग नव्वद दिवसांचा मुक्काम असेल तर, वस्तू व सेवा करातून सूट दिली आहे. म्हणजे विद्यार्थी आवाराबाहेर राहतात ही गोष्ट करखात्याच्या दप्तरात नोंदली गेली. ती विद्यापीठाच्या दप्तरातही नोंदली जावी.

मुलींची गोष्ट याहून निराळी आणि अधिक निकडीची आहे. मुलगा ओट्यावर बसून वाचू शकतो. मुलीला रात्री ओट्यावर बसता येत नाही. मुलगा घरात अडचण झाली की मित्राकडे निजायला जातो. मुलीला ती मुभा नाही. शिवाय एका खोलीच्या घरात कॉलेजला जाणारी मुलगी सतत हाताशी असते, म्हणून पाणी, स्वयंपाक, धाकट्याचा डबा, आजीचे औषध ही कामे कोणी न सांगता तिच्याकडे येतात, आणि पुस्तक उघडून बसणे हा तिच्याकडून झालेला आळस ठरतो. या मुलीचे आई-वडील निष्ठुर नसतात. त्यांना तिने शिकावे असेच वाटत असते. परंतु पहिल्या सत्रात ती दोन विषयांत राहिली की येणाऱ्या स्थळाला नाही म्हणण्याचे कारण त्यांच्यापाशी उरत नाही. अशा मुलीला पहिल्या वर्षी विद्यापीठाच्या आवारात एक खाट, एक टेबल आणि एक दिवा मिळाला असता तर पुढे काय घडले असते, हा प्रश्न मला माझ्या अनेक विद्यार्थिनींच्या बाबतीत पडलेला आहे, आणि त्यांची मुले आता माझ्या शाळेच्याच बाकांवर बसतात.

वसतिगृहाची इमारत बांधणे हा या प्रश्नाचा एक भाग झाला. त्याहून दुर्मिळ अशी जी गोष्ट आहे ती म्हणजे तेथे मुलांबरोबर राहणारा माणूस. आम्हा खानदेशवासीयांना याचे उदाहरण शोधायला दूर जावे लागत नाही. 1924 ते 1930 या काळात साने गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते आणि तेथील छात्रालयाची जबाबदारी त्यांच्याकडे होती. ते मुलांच्या खोल्या झाडीत, कंदिलाच्या काचा पुसून ठेवीत, अस्ताव्यस्त अंथरुणे आवरीत, आजारी मुलाजवळ रात्र काढीत. आणि मुलांसाठी छात्रालय दैनिक नावाचे हस्तलिखित पत्र लिहून काढीत, ज्यात जगातील वार्ता असत आणि छात्रालयात घडलेल्या लहानसहान गोष्टीही असत. त्या मुलांना शिस्त लागली ती नियमावलीतून लागली नाही. आपल्या खोलीचा केर कोणी काढला हे कळल्यावर लागली. सरकारी आदेशाने असे रेक्टर निर्माण करता येत नाहीत हे मला कळते. परंतु रेक्टराचे निवासस्थान त्याच इमारतीत असावे, त्याच्याकडे अध्यापनाचा भार कमी असावा, आणि त्या कामाची गणना त्याच्या सेवेत व बढतीत व्हावी, इतके तर करता येते. आज हे काम बहुधा कोणी तरी अंगावर घेतलेल्या अतिरिक्त ओझ्यासारखे वाहत असतो, आणि त्याचे दार रात्री ठोठावण्याचे धैर्य पहिल्या वर्षाच्या मुलाला होत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2009 मध्ये रॅगिंगविरोधी जे विनियम केले, त्यांत नवागत विद्यार्थ्यांना शक्यतो वेगळ्या इमारतीत ठेवावे आणि वॉर्डन अष्टौप्रहर उपलब्ध असावा, असे नमूद आहेच. म्हणजे मी जे मागतो आहे त्याची निम्मी सनद आपल्या हाती आधीच आहे. पहिल्या वर्षासाठी स्वतंत्र इमारत राखली की त्या विनियमाचेही पालन आपोआप होते.

खाटा थोड्या आणि अर्जदार पुष्कळ, हा यावरील पहिला आणि खरा आक्षेप. माझे उत्तर असे आहे की पदवी अभ्यासक्रमासाठी जितक्या खाटा आहेत, त्यांवर पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांचा पहिला हक्क मानावा आणि तो एका वर्षापुरताच मानावा. दुसऱ्या वर्षी मुलाला शहर कळलेले असते, चार मित्र झालेले असतात, त्यांच्याबरोबर खोली घेता येते, ग्रंथालयात बसण्याची सवय जडलेली असते. यामुळे दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या काही विद्यार्थ्यांची गैरसोय होईल, आणि ती खरीखुरी गैरसोय असेल, हे मी झाकून ठेवत नाही. अपंग विद्यार्थी, अनाथ विद्यार्थी, आणि दूरच्या जिल्ह्यांतून आलेले पदव्युत्तर व संशोधक विद्यार्थी यांच्या जागांना मात्र हात लावू नये.

जे तरीही उरतील त्यांच्यासाठी दोन तजविजी सुचवतो. बमरोली, पांडेसरा, उधना, लिंबायत या भागांत महानगरपालिकेच्या शाळांच्या आणि तिच्याच सुमन माध्यमिक विद्यालयांच्या इमारती संध्याकाळनंतर रिकाम्या असतात. महापालिकेशी करार करून त्यांतील काही वर्ग रात्री अकरापर्यंत अभ्यासिका म्हणून उघडे ठेवावेत, आणि मुलींसाठीच्या अभ्यासिकेवर एक स्त्री-पर्यवेक्षक नेमावी. दुसरे असे की प्रत्येक महाविद्यालयाने भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांची नोंदवही ठेवावी आणि एका प्राध्यापकाने सत्रातून एकदा तरी त्या खोल्यांवर जाऊन यावे; घरमालकाला विद्यापीठाचा माणूस येतो हे माहीत असले की पावतीही मिळते आणि आडनावाची चौकशीही थांबते. या शहराला अशी योजना झेपणार नाही असे मला वाटत नाही. याच बमरोलीत महापालिकेने सांडपाणी शुद्ध करून दररोज 40 दशलक्ष लिटर पाणी पांडेसऱ्याच्या गिरण्यांना पुरविण्याचा प्रकल्प उभा केला आणि तो चालवून दाखवला. यंत्रांच्या गरजेचा इतका बारकाईने विचार करू शकणारे नगर त्या यंत्रांवर उभे राहणाऱ्या माणसाच्या मुलीला रात्री तीन तास शांतता देऊ शकेल, यावर माझा विश्वास आहे.

आपल्या विद्यापीठाने 2004 मध्ये ज्यांचे नाव धारण केले ते कवी नर्मद या सुरतेचे सुपुत्र. तेही तरुणपणी एल्फिन्स्टन संस्थेत शिकण्यासाठी हे शहर सोडून मुंबईस गेले होते. घर सोडून शिकायला गेलेल्याचे नाव ज्या संस्थेने घेतले, तिच्यापुढे हा अर्ज ठेवणे मला अनुचित वाटत नाही.

शेवटी एका व्यावहारिक गोष्टीकडे आपले लक्ष वेधतो. वसतिगृहाच्या प्रवेशअर्जात कायमचा पत्ता आणि अंतर यांचे जे रकाने असतात, त्यांच्याखाली आणखी चार रकाने असावेत : घरात खोल्या किती; राहणारी माणसे किती; त्यांपैकी रात्रपाळीला जाणारी किती; आणि घरात रात्री दहानंतर दिवा लावून बसता येईल अशी जागा आहे किंवा नाही. या माहितीला भाडेकरार किंवा मालमत्ता कराची पावती जोडता येईल. ज्यांच्याकडे दोन्ही नाहीत, आणि बमरोलीत असे पुष्कळ आहेत, त्यांच्यासाठी शेवटच्या शाळेच्या मुख्याध्यापकाचा दाखला ग्राह्य धरावा, कारण ते घर त्याने पाहिलेले असते. खोटी माहिती देणारे निघतील, जसे उत्पन्नाच्या दाखल्यातही निघतात. त्यासाठी दहापैकी एका घरी प्रत्यक्ष जाऊन पडताळणी करावी. आमच्या भागातील निवृत्त शिक्षक हे काम विनामूल्य करण्यास तयार होतील आणि त्या यादीत माझे नाव घालण्यास माझी हरकत नाही. प्रवेशाचे अर्ज आता संगणकावरच भरले जातात, तेव्हा हे रकाने वाढवण्यास छपाईचा खर्च नाही. पुढील जूनपूर्वी विद्यापीठाच्या संबंधित मंडळाची मंजुरी मिळाली, तर याच वर्षी बारावी होणाऱ्या मुलांना ते भरता येतील.



आपला विश्वासू,
मराठी माध्यमाचा एक निवृत्त शिक्षक
बमरोली, सुरत